चालत्या सॉफ्टवेअरची शस्त्रक्रिया

१८ मे १९९९ रोजी अमेरिकेच्या 'नासा' या अंतराळ संस्थेचे 'डीप स्पेस १' हे यान पृथ्वीपासून नऊ कोटींहून अधिक किलोमीटर अंतरावर होते. आदल्याच दिवशी यानाची सूत्रे प्रायोगिक तत्त्वावर 'रिमोट एजंट' नावाच्या प्रोग्रॅमकडे सोपवण्यात आली होती. पृथ्वीवरून पावलोपावली आज्ञा न घेता, केवळ उद्दिष्ट सांगितल्यावर योजना स्वतः आखायची, ती अमलात आणायची आणि काही बिघडले तर निदानही स्वतःच करायचे, असे या प्रोग्रॅमचे काम होते. त्या दिवशी ठरलेल्या वेळी त्याने यानाचे आयन इंजिन बंद करण्याची आज्ञा द्यायला हवी होती. ती त्याने दिलीच नाही. प्रोग्रॅम कोसळला नव्हता. तो नुसताच स्तब्ध उभा राहिला होता.

अशा प्रसंगी सर्वसाधारण उपाय एकच असतो. प्रोग्रॅम बंद करायचा, पुन्हा सुरू करायचा आणि तोच दोष प्रयोगशाळेत पुन्हा घडतो का, याची वाट पाहायची. पण काही दोष क्षणांच्या विलक्षण योगायोगातून जन्मतात. ते पुन्हा घडतीलच याची हमी नसते. या दोषाचेही तसेच होते. पृथ्वीवरील चाचण्यांमध्ये तो कधीच समोर आला नव्हता.

कॅलिफोर्नियातील अभियंत्यांच्या हाती मात्र आणखी एक साधन होते. रिमोट एजंट 'लिस्प' या भाषेत लिहिलेला होता आणि त्या भाषेचे संवादी वातावरण प्रोग्रॅमबरोबर थेट यानावरच होते. त्यामुळे स्तब्ध झालेल्या प्रोग्रॅमला, तो बंद न करता, प्रश्न विचारणे शक्य होते. तुझा कोणता भाग या क्षणी कुठे थांबला आहे? तो कशाची वाट पाहतो आहे? प्रकाशाच्या वेगाने जाणाऱ्या संदेशालाही एका फेरीसाठी दहा मिनिटांहून अधिक काळ लागत होता, तरीही उत्तर आले. प्रोग्रॅमचे दोन समांतर चालणारे भाग एकमेकांच्या संकेताची वाट पाहत बसले होते. 'पहले आप, पहले आप' म्हणत दारातच उभे राहिलेल्या दोन पाहुण्यांसारखी ही अवस्था. कारण कळले, प्रयोग पुन्हा सुरू झाला आणि २१ मे रोजी त्याची सर्व उद्दिष्टे पूर्ण झाली.

सॉफ्टवेअर चालू असतानाच त्याच्या पोटात डोकावायचे, त्याला प्रश्न विचारायचे, त्याचा एखादा अवयव बदलायचा आणि तरीही ते चालूच ठेवायचे, या कल्पनेला संगणकशास्त्रात 'लाइव्ह प्रोग्रॅमिंग' म्हणतात. ही कल्पना नवी नाही. ती संगणकाच्या पडद्यावरील खिडक्यांइतकी जुनी आहे, किंबहुना त्याच प्रयोगशाळेत वाढलेली आहे. तरीही जगातील बहुतेक सॉफ्टवेअर आजही दुसऱ्याच पद्धतीने तयार होते.

दर बदलाला मेगाब्लॉक

ती दुसरी पद्धत अशी. प्रोग्रॅमर एका फाइलमध्ये मजकूर लिहितो. 'कंपायलर' नावाचा अनुवादक तो मजकूर यंत्राला समजेल अशा आकड्यांत रूपांतरित करतो. मग तो प्रोग्रॅम चालवला जातो. चूक दिसली की प्रोग्रॅम बंद करायचा, मजकुरात दुरुस्ती करायची, पुन्हा अनुवाद, पुन्हा सुरुवात. मुंबईकरांच्या भाषेत सांगायचे तर दर दुरुस्तीला मेगाब्लॉक. रूळ बदलायचे म्हणून गाड्या थांबवायच्या आणि काम संपल्यावर पहिल्या स्थानकापासून वाहतूक सुरू करायची.

प्रश्न केवळ वेळेचा नाही. चूक जिथे घडली तिथवर पोहोचायला प्रोग्रॅमने शेकडो पायऱ्या ओलांडलेल्या असतात, हजारो नोंदी जमवलेल्या असतात. तो बंद केला की हा सगळा पुरावा नाहीसा होतो. मग प्रोग्रॅमर मजकुराकडे पाहून, आत काय घडले असेल याचे चित्र मनातल्या मनात उभे करतो. या व्यवसायातील किती तरी तास या अंदाजबांधणीतच खर्च होतात.

लिस्प ही भाषा जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत आखली. तिने फार लवकर वेगळी वाट धरली. एक वाक्य वाचायचे, त्याप्रमाणे कृती करायची, उत्तर दाखवायचे आणि पुढच्या वाक्यासाठी थांबायचे, असे तिचे चक्र होते. या संवादाला पूर्णत्व आले ते मात्र कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे, झेरॉक्स कंपनीच्या 'पार्क' या संशोधन केंद्रात.

एका मिनिटात बदललेला पडदा

१९७० च्या दशकात तेथे ॲलन के, डॅन इंगॉल्स, अडेल गोल्डबर्ग आणि त्यांचे सहकारी 'स्मॉलटॉक' ही प्रणाली घडवत होते. के यांच्या डोळ्यांसमोर ग्राहक होता तो लहान मुलांचा. वहीएवढा संगणक मुलाच्या हाती द्यावा आणि मुलाने त्यात स्वतःच्या कल्पना घडवून पाहाव्यात, हे त्यांचे स्वप्न. मुलाला कंपायलर समजावून सांगता येत नाही. त्याला हात लावला की हलणारी वस्तू हवी असते. म्हणून स्मॉलटॉकमध्ये पडद्यावर दिसणारी प्रत्येक वस्तू उघडून पाहता येत असे आणि ती कशी वागावी, हे तिथल्या तिथे बदलताही येत असे.

डिसेंबर १९७९ मध्ये ॲपल कंपनीचे स्टीव्ह जॉब्स आपल्या सहकाऱ्यांसह हे काम पाहायला आले. त्या भेटीची आठवण ॲलन के यांनी पुढे लिहून ठेवली आहे. पडद्यावरील मजकूर धक्क्याधक्क्याने वर सरकत होता, ते जॉब्स यांना रुचले नाही. तो सलग, संथपणे सरकायला हवा, असे ते म्हणाले. इंगॉल्स यांनी संबंधित भाग शोधला, त्यात बदल केला आणि एक मिनिटाच्या आत, प्रात्यक्षिक सुरू असलेल्या त्याच पडद्यावर मजकूर सलग सरकू लागला. पाहुण्यांतील प्रोग्रॅमर मंडळी चकित झाली. या भेटीतून ॲपलने खिडक्या आणि माऊस घेतला, ही कथा सर्वपरिचित आहे. आतली यंत्रणा तशी उघडी ठेवण्याची कल्पना मात्र त्यांनी मागेच सोडली. संगणकाच्या इतिहासातील ही सर्वांत महाग पडलेली विसराळू खरेदी म्हणावी लागेल.

इंगॉल्स यांना ते जमले, यात हातचलाखी नव्हती. गुपित प्रणालीच्या रचनेत, म्हणजे तिच्या आर्किटेक्चरमध्ये होते. नेहमीच्या पद्धतीत प्रोग्रॅमचा एक भाग दुसऱ्याला बोलावतो तेव्हा त्या दुसऱ्या भागाचा मेमरीतील पत्ता अनुवादाच्या वेळीच पक्का केलेला असतो. एखाद्याचा टेलिफोन नंबर दगडात कोरून ठेवावा तसे हे आहे. नंबर बदलला की दगड नवा घडवावा लागतो. स्मॉलटॉकमध्ये एक वस्तू दुसरीला फक्त नावानिशी निरोप धाडते: 'स्वतःला पडद्यावर काढ', 'तुझी रुंदी सांग'. या निरोपाला कोणती कृती जोडलेली आहे, हे ज्या क्षणी निरोप पोहोचतो त्या क्षणी एका कोशात पाहून ठरवले जाते. म्हणजे प्रत्येक वेळी टेलिफोन डिरेक्टरी उघडणे आले. कोशातील नोंद बदला, की पुढच्या निरोपापासून नवी कृती लागू. बाकी कुठे काही थांबवण्याचे कारणच उरत नाही.

यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. जिवंतपणा ही तयार सॉफ्टवेअरला मागाहून चिकटवता येणारी सोय नाही. निर्णय किती उशिरा घ्यायचे आणि चालू स्थिती कोठे ठेवायची, हे दोन प्रश्न पायाभरणीच्या वेळीच सोडवावे लागतात.

त्याच केंद्रात १९७८-७९ मध्ये पाहुणे संशोधक म्हणून आलेले नॉर्वेचे त्रिग्वे रीनस्काऊग यांनी माहिती, तिचे दर्शन आणि तिच्यावरील नियंत्रण हे तीन भाग वेगळे ठेवण्याची रचना मांडली. 'एमव्हीसी' या नावाने ती आज वेबसाइट घडवणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. वापरणाऱ्याच्या मनातील चित्र आणि यंत्रातील माहिती यांतील अंतर मिटावे, हा तिचा मूळ हेतू मात्र पाठ्यपुस्तकांत क्वचितच सापडतो.

विरजणाची गोष्ट

दुसरा प्रश्न स्थितीचा. स्मॉलटॉकने त्याचे दिलेले उत्तर धाडसी होते. प्रोग्रॅम, त्याची माहिती, उघडलेल्या खिडक्या, अर्धवट राहिलेली कामे, किंबहुना प्रोग्रॅम लिहिण्याची साधनेसुद्धा एकाच साठ्यात ठेवायची. या साठ्याला 'इमेज' म्हणतात. काम संपवताना तो जसाच्या तसा डिस्कवर उतरवायचा; दुसऱ्या दिवशी उघडला की आदल्या संध्याकाळी जिथे थांबलो तिथेच पुन्हा उभे. मजकुराच्या फाइलींपासून प्रोग्रॅम 'तयार' करण्याचा प्रसंगच येत नाही.

घरातील विरजणाशी याची तुलना करता येईल. आजचे दही कालच्या दह्यातून लागते, कालचे परवाच्या. १९९६ मध्ये ॲपलमधून बाहेर पडलेली 'स्क्वीक' ही प्रणाली अशीच जुन्या स्मॉलटॉक-८० च्या इमेजमधून वाढवत आणलेली होती. लहान मुलांसाठी एमआयटीने २००७ मध्ये आणलेल्या 'स्क्रॅच'ची पहिली आवृत्ती याच स्क्वीकवर उभी होती. म्हणजे के यांच्या स्वप्नातील मुलांपर्यंत ते विरजण अखेर पोहोचले.

मात्र विरजणात एखादा दोष शिरला तर तो पुढच्या प्रत्येक दह्यात उतरतो. तीन वर्षांपूर्वी कुणीतरी गंमत म्हणून केलेला बदल इमेजमध्ये तसाच राहतो आणि कशामुळे काय चालते आहे, हे कुणालाच सांगता येत नाही. दोन प्रोग्रॅमरांनी आपापल्या इमेजमध्ये केलेले काम एकत्र आणणे हीदेखील डोकेदुखीच. मजकुराच्या फाइली निर्जीव खऱ्या, पण त्या शेजारीशेजारी ठेवून ताडून पाहता येतात आणि त्यांपासून कोरे यंत्रही तेच सॉफ्टवेअर पुन्हा उभे करू शकते. १९९५ मध्ये 'जावा' ही भाषा आली, ती फुकट होती आणि याच फाइलींच्या सवयीला धरून होती. मोठ्या कंपन्या तिकडे वळल्या, यात नवल नाही. आयबीएमचे 'व्हिज्युअलएज फॉर जावा' हे जावासाठीचे साधन स्वतः स्मॉलटॉकमध्ये लिहिलेले होते, हा त्यातला उपरोध.

फ्रान्समध्ये मूळ धरलेल्या 'फॅरो' या स्मॉलटॉक प्रणालीने अलीकडे यावर तोडगा काढला आहे. २०१९ मधील सातव्या आवृत्तीपासून तिची इमेज जुन्या इमेजमधून न काढता मूळ मजकुरापासून नव्याने घडवली जाते. विरजण संपल्यावर मिरचीचे देठ घालून दही लावतात, तसेच हे.

डिरेक्टरी न उघडता

जिवंत प्रणालींवरील दुसरा आक्षेप मंदगतीचा होता. प्रत्येक निरोपाला डिरेक्टरी उघडायची म्हटल्यावर वेळ लागणारच. डेव्हिड उंगर आणि रँडल स्मिथ यांनी पार्कमध्येच आखलेल्या, पुढे स्टॅनफर्ड आणि सन मायक्रोसिस्टिम्स येथे वाढलेल्या 'सेल्फ' या भाषेच्या गटाने या आक्षेपाला उत्तर दिले. नंबर एकदा शोधला की लक्षात ठेवायचा आणि नोंद बदलली तरच विसरायचा. वारंवार चालणारा भाग पाहून त्याची वेगवान आवृत्ती चालता चालताच बनवायची. पण वेगवान आवृत्तीत मधल्या पायऱ्या गाळलेल्या असतात. मग तपासणीसाठी आत डोकावायचे कसे? १९९२ मध्ये या गटाने त्याचीही युक्ती मांडली. प्रोग्रॅमरने तपासणी मागितली की वेगवान आवृत्तीतून मधल्याच पायरीवर मूळ संथ आवृत्तीत उतरायचे, जणू ती कधी सोडलीच नव्हती.

या गटातील लार्स बाक यांनी पुढे जावाच्या 'हॉटस्पॉट' इंजिनावर काम केले आणि गुगलच्या क्रोम ब्राउझरबरोबर २००८ मध्ये आलेल्या 'व्ही८' या इंजिनाचे नेतृत्वही त्यांनीच केले. जिवंत प्रणालीसाठी शोधलेली ही विद्या त्यामुळे घरोघरी पोहोचली. संगणकावर क्रोममध्ये एखादे पान उघडून एफ १२ ही कळ दाबली, तर त्या पानाचे रंग, अक्षरे, त्यामागचा प्रोग्रॅम पान चालू असतानाच बदलून पाहता येतो. अर्थात हा बदल फक्त आपल्या पडद्यापुरता आणि पान पुन्हा उघडेपर्यंतच टिकतो.

फोन न तोडता दुरुस्ती

स्वीडनच्या एरिक्सन कंपनीला गरज वेगळीच होती. टेलिफोन एक्स्चेंज दुरुस्तीसाठी बंद ठेवता येत नाही आणि दुरुस्ती करताना सुरू असलेले संभाषण तोडूनही चालत नाही. जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट विर्डिंग आणि माइक विल्यम्स यांनी १९८६ पासून या कामासाठी 'अर्लांग' ही भाषा घडवली. तिने स्मॉलटॉकच्या उलट मार्ग निवडला. सगळे एका साठ्यात ठेवण्याऐवजी प्रोग्रॅमचे असंख्य छोट्या प्रक्रियांत तुकडे केले. प्रत्येकीची मेमरी स्वतंत्र. एक कोसळली तरी शेजारणीला धक्का नाही.

नवा प्रोग्रॅम चढवला की काही काळ जुनी आणि नवी अशा दोन्ही आवृत्त्या एकत्र नांदतात. बँकेत जुना कारकून समोरच्या ग्राहकाचे काम पुरे करतो आणि नवे ग्राहक शेजारच्या खिडकीकडे वळतात, तसा हा प्रकार. चालू प्रक्रिया योग्य वळणावर आली की आपण होऊन नव्या आवृत्तीत शिरते. तिसरी आवृत्ती चढवण्याची वेळ आली आणि कुणी अजून पहिलीतच रेंगाळत असेल, तर मात्र त्या प्रक्रियेला सक्तीने संपवले जाते. व्हॉट्सॲपने आपली निरोप पोहोचवणारी यंत्रणा याच भाषेवर उभारली.

सर्वांच्या घरातील जिवंत प्रणाली

लाखो लोक रोज वापरतात ते जिवंत वातावरण मात्र प्रोग्रॅमरांचे नाहीच. १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी ॲपल-२ संगणकासाठी 'व्हिजिकॅल्क' आणले आणि स्प्रेडशीट घरगुती संगणकावर आली. आजचे एक्सेल हा तिचाच वंश. सोसायटीचा खजिनदार देखभाल खर्चाच्या तक्त्यात पाण्याच्या बिलाचा आकडा बदलतो, तत्क्षणी प्रत्येक सदनिकेची आकारणी बदलते. 'चालवा' अशी कळ नाही, कंपायलर नाही. आपण प्रोग्रॅम लिहितो आहोत याची त्याला जाणीवही नसते.

पण येथे आकडे दिसतात आणि सूत्रे दडलेली असतात. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांनी २०१० मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांहून अधिक कर्ज असलेल्या देशांची वाढ खुंटते, असा त्याचा निष्कर्ष काटकसरीच्या धोरणांचे समर्थक हिरिरीने पुढे करत. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने मूळ एक्सेल फाइल मागवून तपासली, तेव्हा सरासरीच्या सूत्रातून पाच देशांच्या ओळी सुटल्याचे आढळले. निष्कर्षातील फरक या एकाच चुकीचा नव्हता. माहितीची निवड आणि देशांना दिलेला भार यांवरही हर्नडन व त्यांच्या प्राध्यापकांचे आक्षेप होते. तरीही ती सूत्राची ओळ तीन वर्षे जगासमोर कुणाच्या नजरेस पडली नव्हती.

शास्त्रज्ञांनी याच जिवंतपणाला लेखी टिपणाची जोड दिली. फर्नांडो पेरेझ यांनी २००१ मध्ये सुरू केलेल्या 'आयपायथन'मधून २०१४ मध्ये 'ज्युपिटर' प्रकल्प जन्मला. यातील 'नोटबुक'मध्ये परिच्छेद, प्रोग्रॅमचे तुकडे आणि त्यांची उत्तरे एकाखाली एक येतात. वाचता वाचता तुकडा बदलून पुन्हा चालवता येतो. गुरुत्वीय लहरींचा शोध फेब्रुवारी २०१६ मध्ये जाहीर करताना 'लायगो' प्रकल्पाने आपले विश्लेषण अशाच नोटबुकच्या रूपात सर्वांसाठी खुले केले. याच लायगोची भारतीय वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात व्हायची असून केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला २०२३ मध्ये अंतिम मंजुरी दिली.

ज्युपिटरमध्येही विरजणाचा जुना दोष आहेच. तुकडे कोणत्याही क्रमाने चालवता येतात. वरचा तुकडा पुसून टाकला तरी त्याने मेमरीत ठेवलेला आकडा मागे राहतो आणि खालचे गणित त्याच्या भरवशावर बिनबोभाट चालते. लेखकाच्या पडद्यावर सगळे बरोबर दिसते. दुसऱ्याच्या संगणकावर मात्र ते उभेच राहत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गिटहबवरील लाखो नोटबुके पुन्हा चालवून पाहण्यात आली. त्यांपैकी सुमारे २४ टक्केच विनाअडथळा चालली आणि मूळ उत्तरे जशीच्या तशी मिळाली ती अवघ्या ४ टक्क्यांत. औषधांच्या चाचण्यांपासून हवामानापर्यंतची गणिते आज अशा नोटबुकांत होत असताना ही संख्या साधी नाही.

'ज्युलिया' या भाषेसाठी २०२० मध्ये आलेल्या 'प्लूटो' या नोटबुकने यासाठी पुन्हा स्प्रेडशीटचीच वाट धरली आहे. कोणता तुकडा कोणावर अवलंबून आहे, याची नोंद ते स्वतः ठेवते. एक बदलला की त्यावर विसंबलेले सगळे आपोआप नव्याने चालतात. एक पुसला की त्याची मेमरीतील खूणही पुसली जाते आणि त्यावर अवलंबून असलेले तुकडे लगेच लाल होऊन तक्रार करतात. नोटबुक साध्या मजकुराच्या फाइलमध्ये साठवले जाते, त्यामुळे ते ताडूनही पाहता येते. या शिस्तीपायी एकच नाव दोन तुकड्यांत वापरण्याची मुभा मात्र त्यात नाही आणि ज्युपिटरवरून येणाऱ्या नवागताची पहिली कुरकुर बहुधा याच नियमाविषयी असते.